दगड, भाकर आणि गुरुवारची एक्स्पायरी

आजचं वाचन : मत्तय ४:१-११ (सोबत लूक ४:१-१३ आणि अनुवाद ८:१-३)



लेंटचा पहिला रविवार आला की बहुतेक मंडळ्यांमध्ये हाच उतारा वाचला जातो. येशूचा रानातला चाळीस दिवसांचा उपास आणि सैतानाने घेतलेली परीक्षा. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की पाळकसाहेबांनी पहिलं वाक्य वाचलं की पुढचं डोक्यात आपोआप सुरू होतं. पण खरं सांगायचं तर हा उतारा मला कळला तो २०२४ मध्ये, आणि तोही उपासनेत नाही. ऑफिसच्या वॉशरूममध्ये, हातात मोबाईल असताना.

ती गोष्ट आज सांगतो. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, हिंमत होत नव्हती. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "लिही. पण शेवटी तूच हिरो होशील असं लिहू नकोस." प्रयत्न करतो.

आधी वचनाकडे बघू या. चौथा अध्याय तिसऱ्याला जोडून वाचा, नाहीतर अर्धी गोष्ट निसटते. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून पित्याची वाणी येते, की हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी मी संतुष्ट आहे. हे केव्हा म्हटलं गेलं? येशूने अजून एकही चमत्कार केलेला नाही. एकही प्रवचन दिलेलं नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. मत्तयाच्या पुस्तकात तोपर्यंत त्याच्या नावावर 'कामगिरी' म्हणून काहीही जमा नाही. तरी पिता संतुष्ट आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात सैतान जे पहिलं वाक्य बोलतो ते 'तू देवाचा पुत्र असशील तर' इथून सुरू होतं. भाकरीचा विषय नंतर. आधी त्या 'पुत्र' शब्दावर हात टाकलाय. म्हणजे पित्याने जे फुकट दिलंय, ते तू सिद्ध करून दाखव.

आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. दर वर्षी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आपण तेच करतो, आपण पगाराच्या लायकीचे आहोत हे सिद्ध करतो. त्यात गैर काही नाही, तो कामाचा भाग आहे. गडबड तेव्हा होते जेव्हा तोच फॉर्म आपण देवापुढेही भरायला लागतो.

२०२४ च्या सुरुवातीला आमच्या टीममधले चार जण एका आठवड्यात कमी केले गेले. मी राहिलो. पण फ्लॅटचा हप्ता ४२,००० रुपये, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात गोळा, की आज लॉगिन होतंय की नाही. मला भूक लागली होती, असंच म्हणतो. पैशाची तर होतीच, पण त्याहून जास्त कुणीतरी 'तू सुरक्षित आहेस' म्हणावं याची. अशा वेळी एका सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये मोबाईल पुढे केला. हिरव्या रंगातला आकडा. त्याने त्या दिवशी ऑप्शन्समध्ये कमावलेले पैसे. माझ्या अर्ध्या महिन्याच्या हप्त्याएवढे, चहा पिता पिता.

वाचताना हे बघा की सैतान येशूला वाईट गोष्ट खायला सांगत नाही. तो भाकर म्हणतो. चाळीस दिवस उपाशी असलेल्या माणसाने भाकर खावी यात पाप काय? आपल्याला वाटतं मोह म्हणजे दारू, बाई, लाच, असं काहीतरी काळं आणि ओळखू येणारं. माझा मोह घराचा हप्ता होता. मुलीची फी होती. मी कुटुंबासाठी करतोय, हे वाक्य माझ्याकडे तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. याकोब १:१४ मध्ये माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो असं लिहिलंय, तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो आमिष लावून पकडण्याचा आहे. गळाला काय लावतात? माशाला जे खरोखर आवडतं तेच. गळ त्याच्या आत असतो.

मी अॅप घेतलं. ३,००० रुपयांनी सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात ४,४०० कमावले. (ज्यांनी हे केलंय ते इथे हसतील. पहिल्या वेळी हरलो असतो तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.) बायकोला सांगितलं नाही. सांगण्यासारखं मोठं काही झालं की सांगू, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो, कारण पैशाच्या आधी दुसरंच काहीतरी गेलं. तोपर्यंत मी सकाळी साडेसहाला उठून वाचन करायचो. वीस मिनिटं, फार नाही. आता साडेसहाला गिफ्ट निफ्टी सुरू होतो, तर 'आधी फक्त एक नजर' असं झालं. मग एका नजरेची वीस मिनिटं झाली. बायबल उशाशीच होतं. कुणी मला सांगितलं असतं की तू वचन सोड आणि बाजार बघ, तर मी चिडलो असतो. कुणी सांगितलंच नाही, फक्त क्रम बदलला. ९:१५ ला बाजार उघडायचा, साडेनऊला आमचा स्टँडअप, आणि मी कॅमेरा बंद ठेवून दुसऱ्या स्क्रीनवर चार्ट बघत 'काल मी बग फिक्स केला' असं सांगायचो. तेव्हा निफ्टीची वीकली एक्स्पायरी गुरुवारी असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत तुमचा अंदाज खरा ठरला नाही तर घेतलेल्या ऑप्शनची किंमत शून्य. थोडी कमी नाही, शून्य.

आणि मग दशांशाचं पाकीट. आमच्याकडे पगार झाला की दशांश वेगळा काढून पाकिटात ठेवायची पद्धत आहे, आई-बाबांपासूनची. एका महिन्यात खात्यात पैसे कमी पडले तेव्हा मी त्या पाकिटातले घेतले. मनात काय म्हटलं माहितीये? प्रभू, पुढच्या महिन्यात दुप्पट देतो. म्हणजे देवालाच माझ्या ट्रेडमध्ये पार्टनर करून टाकलं!

इथून मी दुसऱ्या परीक्षेवर येतो, आणि आज मला खरं बोलायचंय ते हिच्याबद्दलच.

सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. आणि या वेळी तो वचन घेऊन येतो. स्तोत्र ९१, अकरावं आणि बारावं वचन, देवदूत तुला हातांवर झेलतील. कोरोनात हे स्तोत्र आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज यायचं, आठवतंय ना? आमच्या आजीला ते पूर्ण पाठ होतं, नगरला शब्बाथ शाळेत तिने आम्हा सगळ्या नातवंडांकडून घोकून घेतलं होतं. माझ्या आवडीचं स्तोत्र. आणि तेच सैतानालाही पाठ आहे.

पण स्तोत्र उघडून मत्तयाशी ताडून बघा, तो काय गाळतो ते. अकराव्या वचनात देव आपल्या दूतांना तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करण्याची आज्ञा देतो असं आहे. 'सर्व मार्गांत' हे शब्द सैतान घेत नाही. मार्ग म्हणजे आपण रोज चालतो ती वाट, आणि मंदिराच्या टोकावरून खाली जायला मार्ग नसतो, तिथे फक्त उडी असते. शिवाय तो बाराव्या वचनावर थांबतो. तेराव्यात सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याचा विषय आहे. तिथपर्यंत तो कशाला वाचेल?

येशू उत्तर देतो ते अनुवाद ६:१६ मधून, देवाची परीक्षा पाहू नका. तिथे मस्साचं नाव आहे. ती गोष्ट निर्गम १७ मध्ये आहे. रफीदीमला पाणी नव्हतं, लोकांना खरोखर तहान लागली होती, आणि त्यांनी मोशेशी भांडण काढलं, की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? तहान लागणं हा दोष नव्हता. पाणी मागणं हाही नाही. 'पाणी दिलंस तरच तू आमच्यात आहेस' ही अट हा दोष होता.

आता माझी गोष्ट. मी प्रत्येक ट्रेडच्या आधी प्रार्थना करायचो. हसू नका, मनापासून करायचो. प्रभू, हे तुझ्या हाती. तुझी इच्छा असेल तरच हा कॉल वर जाऊ दे. वर गेला की आभार, खाली गेला की जास्त प्रार्थना. मला वाटायचं माझं प्रार्थनेचं जीवन वाढलंय. खरंतर आयुष्यात इतकी प्रार्थना मी कधीच केली नव्हती!

त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मी वॉशरूममध्ये होतो. ६०,००० रुपये लावले होते, त्यातले मुलीच्या पुढच्या टर्मच्या फीचे ३५,०००. स्क्रीनवर आकडा वितळत होता. मी दार लावून उभा राहिलो आणि आजीने शिकवलेलं स्तोत्र ९१ पुटपुटायला लागलो. अकराव्या वचनापर्यंत आलो आणि थांबलो. कारण मला आठवलं की हेच वचन, अशाच कामासाठी, याआधी कुणी वापरलं होतं. मंदिराच्या टोकावर मी उभा होतो आणि सैतानाची ओळही मीच म्हणत होतो. वेगळ्या सैतानाची तिथे गरजच नव्हती.

बायकोने बजावलंय म्हणून पुढचं खरं लिहितो. त्या क्षणी मी फोन बंद केला नाही. आकडा साडेतीनला शून्य झाला. डोळे पुसून मी चारच्या मीटिंगला गेलो. आणि पुढच्या गुरुवारी परत ट्रेड केला, झालेलं नुकसान भरून काढायला. वचन कळलं की माणूस सुटतो असं साक्षीत ऐकायला बरं वाटतं. मला कळलं होतं आणि मी सुटलो नव्हतो.

सगळं मिळून १,९०,००० रुपये गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेबीचा अभ्यास आला. तीन आर्थिक वर्षांत या बाजारातल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी सुमारे दोन लाख रुपये. म्हणजे मी अगदी सरासरी माणूस निघालो. गंमत म्हणजे १ करिंथ १०:१३ मध्ये पौल हेच सांगतो, की माणसाला येते तीच परीक्षा तुमच्यावर आली आहे, वेगळी काही नाही. मला मात्र वाटत होतं माझी परिस्थिती स्पेशल आहे.

एक खुलासा करतो, नाहीतर इनबॉक्समध्ये प्रश्न येतील. शेअर बाजार पाप आहे असं मी म्हणत नाही. आमच्या मंडळीत एसआयपी करणारे कितीतरी जण आहेत, मीही करतो. माझं पाप कुठे होतं हे मी बराच काळ शोधलं आणि मला ते त्या लपवण्यात सापडलं. जी गोष्ट बायकोसमोर उघडता येत नव्हती, तिच्यावर मी देवाचा आशीर्वाद मागत होतो.

पौल त्याच वचनात पुढे म्हणतो की देव परीक्षेबरोबर बाहेर पडायची वाटही करतो. मी ती वाट वर बघत होतो. एखादा मोठा ग्रीन डे, एखादा बोनस, कुणीतरी उसने दिले तर. वाट आमच्या स्वयंपाकघरातून जात होती आणि मला ती दिसतही होती. रोज रात्री बायको डबे भरायची, मी शेजारी उभा राहून पाणी प्यायचो आणि न बोलता बाहेर यायचो.

शेवटी मी सांगितलं नाहीच, ते उघडं पडलं. शाळेतून फी भरली नसल्याचा मेसेज आला आणि तो दोघांच्या फोनवर गेला. ती पाकीट बघायला कपाटाकडे गेली. पाकीट रिकामं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "फी राहू दे. तू रोज सकाळी माझ्याशेजारी बसून प्रार्थना करत होतास ना, तेव्हा काय मागत होतास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही मोहाबद्दल वाचताना मला तो प्रश्न ऐकू येतो.

नंतरचं थोडक्यात सांगतो. अॅप काढलं एवढ्यावर भागलं नाही, ते परत दोन मिनिटांत येतं. ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंटच बंद करायला लावलं. बँकेचे मेसेज तिच्याही फोनवर जातात, ते मला आधी फार लागलं, आता लागत नाही. आणि मंडळीतल्या एका काकांना सांगितलं. ते रिटायर्ड आहेत, बाजारातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त पुढचे कित्येक महिने दर गुरुवारी सव्वातीनला त्यांचा फोन यायचा. "काय रे बाळा, काय चाललंय?" मग त्यांच्या गुडघ्याबद्दल, बागेतल्या कढीपत्त्याबद्दल, साडेतीन वाजेपर्यंत. एकदा मी क्लायंटच्या कॉलवर होतो तर त्यांनी सहा वेळा लावला.

आता परत येशूकडे. त्याची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली आहेत, बघा. अनुवाद ८:३, मग ६:१६, मग ६:१३. तिन्ही एकमेकांजवळ. हा योगायोग नाही. इस्राएल चाळीस वर्षं रानात होतं आणि भाकर, पाणी, दुसरे देव या तीन ठिकाणी पडलं. ती हकिगत त्या अध्यायांत आहे. येशू चाळीस दिवस रानात जातो आणि जिथे जिथे ते पडले, तिथे उभा राहतो. आणि सहाव्या अध्यायात, त्याच्या दोन उत्तरांच्या थोडंसं वर, चौथ्या वचनापासून शेमा आहे. यहुदी घरात सकाळ-संध्याकाळ म्हटली जाणारी कबुली. मुलांना शिकवा, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोला असं तिथे लिहिलंय. म्हणजे रानात, उपाशीपोटी, येशूने शोधून काढलेलं हे काही नवीन नव्हतं. रोजचं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे नेटवर्क नव्हतं, जे होतं ते आधीच डाउनलोड केलेलं होतं.

म्हणून मला वाटतं की मी हरलो ते गुरुवारी तीन वाजता नाही. मी साडेसहाला हरत होतो, रोज, कुणाला न कळता. तीन वाजता फक्त रिझल्ट लागत होता.

तिसऱ्या परीक्षेवर, जगाची राज्यं आणि त्यांचं वैभव, आज फार लिहीत नाही. मला ती अजून नीट कळलेली नाही, कदाचित आपल्याला अजून कुणी एवढी मोठी ऑफर दिलेली नाही म्हणून! एवढंच लक्षात आलं की तिथे सैतान 'तू पुत्र असशील तर' असं म्हणत नाही. तो विषयच सोडून देतो आणि थेट सौद्यावर येतो.

एक प्रश्न मात्र माझ्याकडे अजून आहे, तोही लिहून ठेवतो. मला नफा झाला असता तर मी पश्चात्ताप केला असता का? फी भरली गेली असती, पाकिटात दुप्पट गेले असते, आणि मी कदाचित उपासनेत उभं राहून साक्षही दिली असती. टाळ्या पडल्या असत्या. हा विचार आला की इब्री ४:१५-१६ उघडतो. आपला महायाजक सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला आणि पापात पडला नाही, म्हणून धैर्याने कृपेच्या आसनाजवळ जा, असं तिथे आहे. पडलो नाही ते या, असं नाही लिहिलेलं.

मत्तयाच्या उताऱ्याचं शेवटचं वचन वाचलंत? सैतान गेल्यावर देवदूत येऊन येशूची सेवा करतात. उडी टाकून ज्यांना बोलवायला त्याने नकार दिला, तेच दूत, न बोलावता. लूक मात्र दूतांबद्दल काही सांगत नाही. तो सांगतो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. मी दोन्ही शुभवर्तमानं शेजारी उघडी ठेवतो. काल एका जुन्या मित्राने परत एक स्क्रीनशॉट पाठवलाय, हिरवा. बायकोला दाखवला. ती म्हणाली, "काकांना फोन करू का?"

चला, प्रार्थना करू या.

प्रभू येशू, तुला भूक माहीत आहे. आज आमच्यापैकी कुणाला हप्त्याची काळजी आहे, कुणाला नोकरीची, कुणाला एकटेपणाची, आणि त्या भुकेजवळ कुणीतरी दगड घेऊन उभा आहे. आम्ही जे घरच्यांपासून लपवलंय ते तुझ्यासमोर आधीच उघडं आहे. ते सांगायला आज रात्री तोंड उघडण्याचं बळ दे. ज्याला सांगायला कुणीच नाही, त्याला एखादे काका दे. आणि उद्या सकाळी साडेसहाला आम्हाला उठव. आमेन.

उद्याचं वाचन : लूक ४:१४-३०